जिची तक्रार येत नाही ती चूक : प्रश्नसंच तपासणीच्या नोंदी

शनिवार, ४ जानेवारी २०२५

आजपासून तपासणी सुरू. आमच्या कॉलेजच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी मिळून तयार केलेले प्रोग्रॅमिंगचे ४१ प्रश्न फोल्डरमध्ये आहेत. स्पर्धा २ फेब्रुवारीला. मी आणि दोन ज्युनिअर, असे तिघं जण सुट्टीच्या दिवशी बसणार, मधल्या वारी जमेल तसं.

हे काम मी मागून घेतलं, त्याचं कारण लिहून ठेवते. डिसेंबरात शेवटच्या वर्षाच्या एका मुलाचा फोन आला होता. मुलाखतीत त्याला सुट्ट्या पैशांचा प्रश्न विचारला: दिलेल्या नाण्यांतून ठरावीक रक्कम कमीत कमी नाण्यांत कशी द्यायची. त्यानं सर्वांत मोठं नाणं आधी उचलायचं, मग त्याखालचं, असं उत्तर ठामपणे लिहून दिलं. समोरच्यांनी एक उदाहरण घालून ते तिथल्या तिथे पाडलं. मुलगा मला एवढंच म्हणाला, "ताई, तुमच्याकडे तर हिरवं आलं होतं."

मी जुनी नोंद काढून पाहिली. खरंच हिरवं आलं होतं. गेल्या वर्षीच्या स्पर्धेत आम्हीच त्याला सांगितलं होतं की हे बरोबर आहे.

बरोबर उत्तराला लाल येतं तेव्हा अर्ध्या तासात पाच मेसेज येतात, भांडण होतं, चूक सापडते. चुकीच्या उत्तराला हिरवं आलं तर मुलगा खूश होऊन पुढच्या प्रश्नाकडे जातो. त्याची तक्रार कधीच येत नाही. मला या वेळी दुसऱ्या जातीच्या चुका शोधायच्या आहेत.

ठरवलेली पद्धत अशी: सेटरचं, म्हणजे प्रश्न तयार करणाऱ्याचं, उत्तर आधी उघडायचं नाही. प्रश्न वाचून आपण स्वतः सोडवायचा, मग मुद्दाम चुकीची उत्तरं लिहायची आणि ती पडतात का, म्हणजे त्यांना लाल येतं का, ते पाहायचं.

रविवार, ५ जानेवारी

आज नऊ प्रश्न झाले.

३ नंबर, कांद्याचा. बाजार समितीत आलेल्या गाड्यांच्या रकमा दिल्यात, एकूण बेरीज सांगा. सोपा, सुरुवातीचा प्रश्न. गाड्या दोन लाखांपर्यंत, प्रत्येक रक्कम शंभर कोटींपर्यंत. म्हणजे बेरीज दोनशे लाख कोटींपर्यंत जाऊ शकते. सेटरनं सी प्लस प्लसमध्ये बेरीज साध्या इंटमध्ये, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या नेहमीच्या कप्प्यात, ठेवली आहे, त्यात जास्तीत जास्त २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ मावतात. त्याच्या टेस्टमध्ये, म्हणजे ज्या इनपुटांवर मुलांची उत्तरं चालवून तपासतात त्यांत, सर्वांत मोठी फाइल पन्नास गाड्यांची, त्यामुळे हे कधी उघडकीला आलं नाही.

मी दोन लाख गाड्या, प्रत्येकी शंभर कोटी, अशी फाइल बनवून त्याचं उत्तर चालवलं. आलं: ५५,२८,९४,४६४. उणे चिन्ह आलं असतं तर कोणीही थबकलं असतं. पंचावन्न कोटी ही अगदी भरवशाची दिसणारी रक्कम आहे, आणि हीच आन्सर फाइलमध्ये, म्हणजे मुलांची उत्तरं जिच्याशी ताडतात तिच्यात, गेली असती तर ज्यानं लाँग लाँग हा मोठा कप्पा वापरून बरोबर उत्तर दिलं त्याला लाल मिळालं असतं.

सेटर पहिल्या वर्षाचा आहे, फोनवर खजील झाला. त्याला सांगितलं की जावा भाषेच्या स्वतःच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये (क्रमानं लावलेली यादी दर वेळी निम्मी करत शोधायची पद्धत) मधला क्रमांक काढताना दोन टोकांची बेरीज अशीच मर्यादेबाहेर जायची. नऊएक वर्षं ते कोणाच्या लक्षात आलं नाही. जोशुआ ब्लॉक यांनी २००६ साली ते उघडपणे लिहिलं, आणि तो कोड त्यांनीच लिहिलेला होता. टोकाची फाइल घालायची, एवढी सवय लावून घे म्हटलं.

८ नंबरमध्ये "जास्तीत जास्त बेरीज असलेला भाग" असं आहे. सलग भाग की मधले आकडे गाळून चालतील? सेटरच्या मनात सलग होतं. "सलग" हा एक शब्द घातला आणि प्रश्न सुटला. प्रश्न मराठीत लिहिण्याचा आपला आग्रह आहे, तर असे शब्द जपून वापरायला हवेत. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन वेगळी ठरलेली नावं आहेत, आपल्याकडे "भाग" दोन्हीकडे चालतो.

१७ नंबर, एसटीच्या फेऱ्यांचा: ठीक. सही करून पुढे. बाकीचे सहाही ठीक.

बुधवार, ८ जानेवारी

रात्री तासभरच मिळाला. सात प्रश्नांच्या इनपुट फाइली विंडोजवर बनलेल्या, ओळीच्या शेवटी जास्तीचं अदृश्य अक्षर. पायथनमध्ये चालून जातं, सी प्लस प्लसमध्ये पूर्ण ओळ वाचणाऱ्याचं उत्तर चुकतं. ११ नंबरमध्ये मर्यादा हजार दिली आहे आणि एका फाइलमध्ये १,०२४ आकडे आहेत.

यावर डोळ्यांनी नजर ठेवणं शक्य नाही. प्रत्येक प्रश्नाला व्हॅलिडेटर हवा, म्हणजे इनपुट प्रश्नात सांगितल्याबरहुकूम आहे का हे तपासणारा छोटा प्रोग्रॅम. कोडफोर्सेस या प्रोग्रॅमिंग स्पर्धांच्या साइटच्या माइक मिर्झायानोव यांची टेस्टलिब नावाची फाइल खुली आहे, ती वापरायची. ती एक फालतू स्पेससुद्धा सोडत नाही. ज्युनिअर मुलीनं ४१ व्हॅलिडेटर लिहायचं अंगावर घेतलं आहे.

शनिवार, ११ जानेवारी

आज दिवसभर एकच प्रश्न: २२ नंबर, सुटे पैसे. तोच प्रश्न, गेल्या वर्षीच्या टेस्टसकट पुन्हा संचात आला आहे.

प्रश्नात लिहिलंय, "नाण्यांचा कोणताही संच दिला जाईल." टेस्ट दोनशे. उघडून पाहिल्या तर दोनशेच्या दोनशे फाइलींत संच एकच: १, २, ५, १०, २०, ५०, १००, २००, ५००. रक्कम तेवढी बदललेली. आज चलनात असलेल्या या संचावर "मोठं आधी" ही पद्धत नेहमीच बरोबर येते. म्हणजे दोनशे टेस्ट दिसतात, पण त्या एकाच टेस्टच्या दोनशे प्रती आहेत. त्या मुलाला हिरवं मिळालं यात त्याचा काही दोष नव्हता.

पुस्तकी प्रतिउदाहरण सगळ्यांना माहीत असतं: नाणी १, ३, ४ आणि रक्कम ६. मोठं आधी घेतलं तर ४, १, १ अशी तीन लागतात. ३ आणि ३ अशी दोनच पुरतात. पण मुलं म्हणतात, अशी नाणी असतात कुठे. म्हणून मी खऱ्या नाण्यांत शोधत बसले.

आजीच्या पितळी डब्यात जुनी नाणी आहेत, ती आज टेबलावर मांडली. एक पैसा, दोन पैसे, तीन पैशांचं षटकोनी, पाच पैशांचं चौकोनी, दहा पैशांचं नागमोडी कडांचं, वीस पैसे, चार आणे, आठ आणे. १९५७ साली दशमान नाणी आली, तीन पैसे १९६४ला, वीस पैसे १९६८ला. आता ४० पैसे द्या. मोठं आधी: चार आणे, मग दहा, मग पाच. तीन नाणी. आणि वीस-वीस ठेवले की दोन.

म्हणजे आपल्या आज्या-आजोबांच्या खिशात जो संच होता त्यावरच ही पद्धत चुकते. वीस आणि पंचवीस दोन्ही शेजारी आले की हे होतं. २०११च्या जूनअखेर चार आणे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली, आणि संच पुन्हा सरळ झाला.

हेच उदाहरण टेस्टमध्ये पहिलं घातलं. शिवाय एक उपयोगी गोष्ट: एखाद्या संचावर ही पद्धत चुकणार असेल तर तिचं पहिलं चुकणं सर्वांत मोठ्या दोन नाण्यांच्या बेरजेच्या आतच सापडतं. ५० आणि २५ ची बेरीज ७५. तेवढ्या रकमा तपासल्या की कळतं. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला जो संच घेतो, त्या मर्यादेपर्यंत "मोठं आधी"चं उत्तर खऱ्या कमीत कमी नाण्यांच्या उत्तराशी ताडून पाहतो आणि जिथे फरक पडतो त्या रकमा टेस्ट म्हणून बाहेर काढतो. संध्याकाळपर्यंत ६० नवे संच तयार.

रविवार, १२ जानेवारी

या प्रश्नाचे सेटर माझ्यापेक्षा सात-आठ बॅच वरचे, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. फोन केला. आधी म्हणाले, "अगं, दोनशे टेस्ट आहेत, रँडम आहेत, अजून किती हव्यात?" मी ४० पैसे सांगितले. गप्प झाले. मग म्हणाले की त्यांच्या स्वतःच्या उत्तरात डीपीच आहे (डायनॅमिक प्रोग्रॅमिंग, लहान रकमांच्या उत्तरांवरून मोठ्या रकमेचं काढायची पद्धत), ते बरोबरच आहे.

बरोबर आहेच. सेटरचं उत्तर बरोबर असणं आणि चुकीचं उत्तर अडवलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण पहिली तपासतो आणि दुसरी झाली असं धरून चालतो. दादांना हे पटलं, आणि त्यांनी स्वतःच एक भर घातली: ज्या संचात १ चं नाणं नाही आणि रक्कम देताच येत नाही, त्याचं उत्तर काय छापायचं ते प्रश्नात नव्हतंच. "उणे एक छापा" असं ठरलं.

त्या मुलाच्या फोनबद्दल मी त्यांना सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग त्याचा नंबर मागितला.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. घरी माणसं. ५ आणि १३ नंबर तेवढे पाहिले, दोन्ही ठीक.

शनिवार, १८ जानेवारी

२९ नंबर, मराठी पालिंड्रोम. मला मनापासून आवडलेला प्रश्न, आणि संचातला सर्वांत जास्त मोडका.

प्रश्न: दिलेलं वाक्य उलटसुलट सारखंच वाचता येतं का? सॅम्पलमध्ये "रामाला भाला मारा", उत्तर होय. आपण बोलतो तेव्हा रा-मा-ला-भा-ला-मा-रा, अगदी बरोबर. पण सेटरच्या उत्तरात स्ट्रिंग उलटी करून तुलना आहे. संगणकाच्या लेखी "रा" म्हणजे र आणि काना अशी दोन चिन्हं. उलट केलं की वाक्य कान्यानं सुरू होतं. सेटरचा प्रोग्रॅम स्वतःच्या पहिल्याच सॅम्पलला "नाही" म्हणतो. सॅम्पलचं उत्तर हातानं लिहिलेलं, प्रोग्रॅम त्यावर कधी चालवलेलाच नाही.

दुसरं सॅम्पल "चिमा काय कामाची". लहानपणापासून आपण ते उलटसुलट म्हणून ऐकलंय, पण पहिला चि ऱ्हस्व आहे आणि शेवटचा ची दीर्घ. काटेकोर पाहिलं तर उत्तर नाही. हे सॅम्पल मी काढलं नाही, उत्तर बदलून ठेवलं आणि खाली कारण लिहिलं. नियम शिकवायला याहून चांगलं वाक्य मिळणार नाही.

मग अक्षर म्हणजे काय, हे ठरवायला बसलो. "नमस्ते"मध्ये युनिकोडची, म्हणजे संगणक लिपी साठवतो त्या संकेताची, चिन्हं सहा: न, म, स, हलन्त, त, मात्रा. अक्षरं तीन: न, म, स्ते. एखादी तयार लायब्ररी वापरून अक्षरं तोडली तर जुन्या आवृत्तीत चार तुकडे येतात, कारण स् आणि ते वेगळे होतात. २०२३ साली आलेल्या युनिकोड १५.१ मध्ये नियम बदलला, देवनागरीची जोडाक्षरं एकत्र धरली जाऊ लागली, आणि तुकडे तीन आले. म्हणजे त्याच प्रोग्रॅमचं उत्तर सर्व्हरवर कोणती आवृत्ती आहे त्यावर ठरणार. म्हणून अक्षराची व्याख्या प्रश्नातच दिली, सहा ओळींत, आणि लायब्ररी न वापरता ती पाळता येते.

एवढ्यावर थांबलं नाही. ३० नंबरमध्ये वेगवेगळे शब्द मोजायचे आहेत. एका फाइलचं उत्तर माझं ११२ येई, सेटरचं ११४. दोन तास गेले. शेवटी सापडला शब्द: "दऱ्या". पडद्यावर तिन्ही ठिकाणी हुबेहूब सारखा, आत तीन वेगवेगळे. एका ठिकाणी ऱ हे एकच चिन्ह. दुसऱ्या ठिकाणी र आणि खाली नुक्ता, दोन चिन्हं. तिसऱ्या ठिकाणी र, हलन्त आणि मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. तीन जणांनी तीन कीबोर्डांवर टाइप केलेलं.

पहिले दोन युनिकोडच्या नॉर्मलायझेशननं, म्हणजे सारखी रूपं एकाच रूपात आणायच्या ठरलेल्या पद्धतीनं, एक होतात. तिसरा होत नाही. ज्युनिअर म्हणाला, ते अदृश्य चिन्ह सरळ काढून टाकू. काढून पाहिलं तर "दऱ्या"चा झाला "दर्या". डोंगरातली दरी गेली, समुद्र आला. मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांच्यातला फरक त्या एका न दिसणाऱ्या चिन्हावर उभा आहे. म्हणून आधी र-हलन्त-जॉइनर जिथे असेल तिथे ऱ-हलन्त करायचं, मगच बाकीची सफाई. आता टेस्टमध्ये सगळे शब्द एकाच पद्धतीनं लिहिलेत, आणि व्हॅलिडेटर इतर कुठलंही रूप आत येऊ देत नाही. "दऱ्या" आणि "दर्या" दोन्ही असलेली एक फाइल मात्र मुद्दाम ठेवली आहे.

रविवार, १९ जानेवारी

आजचा दिवस चुकीची उत्तरं लिहिण्याचा. मिर्झायानोव यांच्याच पॉलिगॉनमध्ये प्रश्न तयार करताना सेटरला मुद्दाम चुकीची आणि मुद्दाम हळू उत्तरंही जोडता येतात, आणि ती अपेक्षेप्रमाणे पडतात का ते पाहता येतं. आम्ही तेच हातानं करतोय: प्रत्येक प्रश्नाला किमान तीन वाईट उत्तरं.

१४ नंबर, मूळ संख्या ओळखा. मी फसवं उत्तर लिहिलं: २ चा (संख्या वजा एक) इतका घात घ्या, संख्येनं भागा, बाकी १ आली तर मूळ म्हणा. सेटरच्या दोनशे रँडम टेस्ट या उत्तरानं पार केल्या. आता ३४१ घ्या. २ चा दहावा घात १,०२४, ३४१ च्या तिप्पट १,०२३, बाकी १. ३४० हे दहाच्या पटीत, म्हणून ३४० व्या घाताचीही बाकी १. पण ३४१ म्हणजे ११ गुणिले ३१. शंभर कोटींच्या आत अशा फसव्या संख्या फक्त ५,५९७ आहेत. दोनशे रँडम आकड्यांत त्यातली एक हाती लागण्याची आशा करण्यात अर्थ नाही, त्या शोधूनच घालाव्या लागतात. ३४१, ५६१ आणि आणखी चाळीस घातल्या.

३३ नंबर, झाडाचा, म्हणजे मुळापासून फांद्यांसारख्या जोडत गेलेल्या गाठींच्या रचनेचा. रँडम झाड बनवताना प्रत्येक नव्या गाठीला आधीच्या कुठल्याही गाठीला जोडलंय. असं दोन लाख गाठींचं झाडही तीस-पस्तीस पातळ्यांपलीकडे सहसा जात नाही. त्यावर प्रत्येक गाठीपासून मुळापर्यंत चालत जाणारं उत्तरही झरझर सुटतं. सरळ रेषेसारखं झाड दिलं, एकाखाली एक दोन लाख, की ते वेळेत संपतच नाही. पायथनचं रिकर्शन (फंक्शननं स्वतःलाच पुन्हा बोलावणं) तर नेहमीच्या सेटिंगला हजाराच्या आसपासच थांबतं. रेषा, झाडू आणि सुरवंट अशा तीन आकारांची झाडं घातली.

ज्युनिअरनं विचारलं, हे इतकं सगळीकडेच होतं का. २०२२ साली डीपमाइंडच्या अल्फाकोड या कोड लिहिणाऱ्या एआयवाल्यांनी त्यांच्या निबंधात हेच लिहिलंय: आधीच्या प्रश्नसंग्रहांत टेस्टमधून पार झालेल्या उत्तरांपैकी ३० ते ६० टक्के खरं तर चुकीची निघत होती. त्यांनी टेस्ट वाढवून ते प्रमाण ४ टक्क्यांवर आणलं. त्यांना ते दिसलं कारण त्यांनी पार झालेली उत्तरं पुन्हा तपासली. आपण फक्त नापास झालेल्यांची उत्तरं पाहतो.

शनिवार, २५ जानेवारी

पाच प्रश्नांत "कोणताही एक मार्ग छापा" आहे आणि तुलना मात्र सेटरच्या मार्गाशी अक्षरशः होते. दुसरा तितकाच चांगला मार्ग दिला की लाल. पाचही ठिकाणी चेकर, म्हणजे दिलेला मार्ग खरंच चालतो का ते पाहणारे छोटे प्रोग्रॅम, लिहिले. ही आरडाओरड होणारी चूक, लवकर सापडते, म्हणून जास्त लिहीत नाही.

चार प्रश्नांची वेळमर्यादा सी प्लस प्लसवर बेतलेली होती. पायथनमधलं योग्य उत्तर बसेल इतकी वाढवली.

रविवार, २६ जानेवारी

सकाळी झेंडावंदन करून आलो आणि गेल्या वर्षीची सगळी पार झालेली उत्तरं नव्या टेस्टवर पुन्हा चालवली. हे करायला मला भीती वाटत होती.

२२ नंबरवर ५८ उत्तरं पार होती. आता ३७ राहिली. एकवीस जणांना आम्ही चुकीचं शिकवून पाठवलं होतं.

यावर तिघांत बराच वाद झाला. गुण काढून घ्यायचे नाहीत यावर लगेच एकमत. चूक आमची, शिक्षा त्यांना कशाला. पण कळवायचं की नाही? ज्युनिअर मुलीचं म्हणणं, वर्ष उलटलं, आता कशाला कोणाला दुखवायचं. मी म्हटलं, त्यांच्यातलं कोणी परवा मुलाखतीला बसणार असेल. एकवीस जणांना वेगवेगळं पत्र लिहिलं, प्रत्येकाचं उत्तर कोणत्या रकमेवर चुकतं ते आकड्यासकट. रात्री साडेअकरापर्यंत नऊ जणांनी नवं उत्तर पाठवलं. दोघांनी विचारलं, खरंच वीस पैशांचं नाणं होतं का. डब्यातल्या नाण्याचा फोटो पाठवला.

शनिवार, १ फेब्रुवारी

उद्या स्पर्धा. ४१ पैकी ३८ प्रश्न जाणार. तीन मागे ठेवले, त्यांची वाईट उत्तरं अजून पडत नाहीत.

डिसेंबरात फोन करणारा मुलगा आज तपासणीला येऊन बसला. दादांनी त्याला सांगितलं होतं. त्याला मी सही झालेल्या प्रश्नांची थप्पी दिली, नुसती नजर टाक म्हणून. तासाभरानं तो १७ नंबर घेऊन आला, एसटीच्या फेऱ्यांचा. "पहिली गाडी सुटल्यापासून ३० मिनिटांच्या आत किती गाड्या सुटतात ते मोजा."

"ताई, बरोबर तिसाव्या मिनिटाला सुटली तर ती धरायची की सोडायची?"

मी प्रश्न पुन्हा वाचला. ५ जानेवारीची माझी सही खाली होती. मग आम्ही दोघांनी सगळ्या टेस्ट उघडून पाहिल्या. एकाही फाइलमध्ये गाडी बरोबर तिसाव्या मिनिटाला सुटत नव्हती. "धरून" मोजा की "सोडून" मोजा, दोघांनाही हिरवं.

प्रश्नात "३० वं मिनिट धरून" असं लिहिलं. तिसाव्या मिनिटाच्या गाडीची फाइल त्यानं स्वतः बनवली, आणि एकतिसाव्या मिनिटाची आणखी एक.